बेडकाचा नवतपा

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी आजवर जे लिहिले व बोलले गेले, ते बहुतेक सर्व त्याची निर्भर्त्सना करण्यासाठीच होय. पुण्यामुंबईकडील पाहुणा मे महिन्यात सहसा इकडे फिरकत नाही, आणि आलाच तर परत गेल्यावर वर्षभर आपल्या सहनशीलतेच्या कथा सांगत बसतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस उष्णतामानाची नोंद झाली, तेव्हा आम्हां नागपूरकरांचे हाल झाले हे खरे. परंतु त्या आकड्याचा आम्हांस मनातून थोडा अभिमानही वाटला, हेही तितकेच खरे. मे २०२४ च्या अखेरीस तर एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखविले. पुढे ते यंत्रच बिघडले होते असे हवामानखात्याने जाहीर केले, आणि पुष्कळांचा हिरमोड झाला. मात्र ह्या गावात आणखी एक जुना रहिवासी आहे, आणि त्याचे ह्या बाबतीतील मत आजवर कोणी विचारलेले नाही. तो रहिवासी म्हणजे बेडूक.

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिल्या नऊ दिवसांस आमच्याकडे नवतपा म्हणतात. विदर्भातील शेतकऱ्याची अशी श्रद्धा आहे की, हे नऊ दिवस कडकडीत तापले पाहिजेत. नवतपा तापला तर पाऊस चांगला. मध्येच सरी पडून तो गळाला तर पुढल्या चार महिन्यांचा भरवसा नाही. ह्या श्रद्धेचा हवामानशास्त्राच्या दृष्टीने निकाल लावणे आमच्या अधिकाराबाहेरचे आहे. परंतु तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकविण्यात घालविल्यावर तिचा एक निराळाच अर्थ आमच्या मनात घर करून बसला आहे. पावसाळ्याची तयारी उन्हाळ्यातच होत असते, ही गोष्ट आकाशाविषयी खरी असो वा नसो, बेडकाविषयी ती पुष्कळ अंशी खरी आहे. आणि येथे अंश हा शब्द आम्ही उष्णतामापकावरचाच समजतो.

बेडूक पावसाबरोबर येतो, किंबहुना पावसातून पडतो, अशी लोकांची समजूत. तिला दोष देता येत नाही. काल संध्याकाळपर्यंत जेथे धूळ उडत होती तेथे आज रात्री शेकडो कंठ एकदम फुटतात. ते कोठून आले ह्याचे उत्तर साध्या माणसाने ‘वरून’ असेच द्यावे. अवर्षणाच्या वर्षी खेड्यांतील मुले कडुनिंबाचा पाला अंगाभोवती बांधून, मुसळास बेडूक टांगून, घरोघर धोंडी मागत हिंडत. काही गावांत अजूनही हिंडतात. बायका त्या बेडकावर तांब्याभर पाणी ओततात, म्हणजे आकाशानेही तसेच करावे. पंचांगकर्त्यांनीही बेडकाचा मान राखला आहे. पावसाच्या नक्षत्रांस त्यांनी जी वाहने दिली आहेत त्यांत हत्ती आणि म्हैस ह्यांच्या बरोबरीने बेडकास बसविले असून, ज्या नक्षत्राचे वाहन बेडूक ते भरपूर पावसाचे असे मानले जाते. एवढ्याशा प्राण्याच्या पाठीवर एवढे मोठे नक्षत्र कसे बसते, हा प्रश्न आम्ही लहानपणी विचारीत असू. त्याचे उत्तर कोणी दिले नाही.

परंतु ह्या विषयावरील सर्वांत जुना आणि आमच्या मते सर्वांत बारकाईचा साक्षीदार म्हणजे ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील वसिष्ठांचे मंडूकसूक्त. १०३ वे सूक्त ते. वर्षभर मौनव्रत धरून पडलेल्या ब्राह्मणांशी तेथे बेडकांची तुलना केली आहे. कोरड्या तळ्यात वाळलेल्या कातडी पिशवीसारख्या पडलेल्या बेडकावर दिव्य जल पडते, असे वर्णन आहे. ही ब्राह्मणांची थट्टा आहे असे मॅक्समुल्लरसारख्या पंडितांचे मत. यास्काचार्य मात्र निरुक्तात सांगतात की, पाऊस इच्छिणाऱ्या वसिष्ठांनी पर्जन्याची स्तुती केली आणि बेडकांनी तिला अनुमोदन दिले. हा वाद विद्वानांनी मिटवावा. आमचे लक्ष वेधते ते निराळ्याच एका जागी. पाऊस आल्यावर तापलेल्या घर्मांस मोकळीक मिळते, अशा आशयाचे शब्द त्या सूक्तात आहेत. घर्म म्हणजे यज्ञातील तापलेले पात्र, घर्म म्हणजे ताप. आपला ‘घाम’ त्याच घरातला. आधी तापणे आणि मग मोकळे होणे, हा क्रम त्या ऋषीच्या ध्यानी आला होता. तो बेडकाच्या पोटात कसा घडतो हे समजावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतरच्या रात्री एखाद्या शेतातील डबक्याच्या काठी कंदील घेऊन उभे राहावे. आमचा तो मोठा भारतीय बेडूक, एरवी हिरवट मातकट, त्या रात्री हळदीसारखा पिवळा झालेला असतो, आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे फुगे फुगत असतात. त्याला हाती धरून पाहिले तर पुढच्या पायाच्या अंगठ्याशी एक खरखरीत काळसर गादी आलेली दिसते. निसटत्या मादीस घट्ट धरून ठेवण्यासाठी ती असते. बेडकांची वृषणे काढून टाकली तर ही गादी झडून जाते, आणि बाहेरून टेस्टोस्टेरोन दिले तर पुन्हा उगवते. कंठाचे स्नायू त्याच रसाच्या आज्ञेत. मादीची गोष्ट ह्याहून लांबची आहे. तिच्या अंडाशयातून ईस्ट्रोजेन रक्तात येते, ते यकृतास जाऊन सांगते की पिवळा बलक तयार कर. यकृत तो बलक रक्तात सोडते, आणि अंडी तो एकेक कणाने आपल्यात भरून घेतात. हजारो अंडी अशी भरावयाची म्हणजे ते एका रात्रीचे काम नव्हे, एका आठवड्याचेही नव्हे. साधारणतः फेब्रुवारी-मार्चपासून, म्हणजे आपण माठ आणि कूलर बाहेर काढतो तेव्हापासून, हे काम चालू होते, आणि मेअखेर भांडार भरलेले असते. पाऊस येतो तो किल्ली घेऊन. माल आधीच तयार असतो.

टेस्टोस्टेरोन, ईस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन ही सर्व नावे वाचकांच्या कानांवरून गेलेली असतीलच. ह्या सर्वांचे एक कूळ आहे, त्यास स्टेरॉइड म्हणतात. ह्या कुळाची गंमत अशी की, त्याचा मूळपुरुष एकच, आणि तो म्हणजे ज्याच्या नावाने डॉक्टर आम्हांस दर सहा महिन्यांनी भिवविीत असतात तो कोलेस्टेरॉल. इतवारीतील सराफ्यात एखाद्या जुन्या पेढीच्या मागच्या खोलीत डोकावावे. एका कारागिराने लगड कापावी, दुसऱ्याने ठोकावी, तिसऱ्याने वळवावी, आणि एकाच सोन्याची कोठे बांगडी व्हावी, कोठे नथ. तसेच येथे आहे. कोलेस्टेरॉलच्या रेणूत कर्बाचे २७ अणू असतात. पहिला कारागीर त्यांतील ६ छाटून टाकतो. उरलेल्या २१ अणूंतून पुढे प्रोजेस्टेरोन होते. आणखी २ गेले की १९ अणूंचे टेस्टोस्टेरोन. आणखी एक गेला की १८ अणूंचे ईस्ट्रोजेन. पुरुषत्वाचा रस आणि स्त्रीत्वाचा रस ह्यांत कर्बाच्या एका अणूचे अंतर, हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो. हे कारागीर म्हणजे विकर; प्रत्येकाचे काम ठरलेले, आणि एकाचा माल हा दुसऱ्याचा कच्चा माल.

आता ह्या पेढीत ऊन शिरले म्हणजे काय होते, हा मुख्य प्रश्न. आपल्या, म्हणजे मनुष्याच्या, पेढीत ते शिरत नाही. बाहेर नवतपा असो की पौषातली थंडी, आतील उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास राहते, आणि कारागिरांस ऋतूची वार्ताही नसते. बेडकाच्या पेढीस भिंतच नाही. त्यास ‘थंड रक्ताचा’ म्हणतात. हा शब्द आम्हांस कधीच आवडला नाही, कारण मे महिन्यात त्याचे रक्त मुळीच थंड नसते. बाहेर जे आहे तेच थोड्याफार फरकाने आत आहे, एवढाच त्याचा अर्थ. उष्णतामान दहा अंशांनी वाढले की विकरांचे काम साधारणतः दुपटीने ते तिपटीने जलद होते. म्हणजे जानेवारीच्या रात्री जे काम रेंगाळत होते ते एप्रिलात धावू लागते.

परंतु येथेच एक मेख आहे, आणि सर्व विषयाचे मर्म आम्हांस तिच्यातच दिसते. सर्व कारागीर उन्हाने सारखेच चेकाळत नाहीत. एक दुपटीने जलद होतो, दुसरा तिपटीने, तिसरा थोडा वेळ धावून मान टाकतो. पहिला धावला आणि दुसरा मागे राहिला, तर मधला माल साचून राहतो व भलत्याच हाती जातो. म्हणून उष्णतामान हे केवळ किती रस निघावयाचा एवढेच ठरवीत नाही. कोणता निघावयाचा हेही ठरविते. शिवाय निघालेला रस मोडून टाकण्याचे काम यकृत करीत असते, आणि उन्हाने तेही जलद होते. रक्तातील आकडा हा जमा आणि खर्च ह्यांची वजाबाकी असते. नुसती जमा पाहून शिलकेचा अंदाज करणाऱ्याचे जे होते तेच येथे घाईने निष्कर्ष काढणाऱ्याचे होते.

कोणी म्हणेल की, प्राण्यांचे विणीचे हंगाम दिवसाच्या लांबीवरून ठरतात असे आम्ही शिकलो आहो. ते शिक्षण बहुधा लंडनचे. तेथे उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील दिवसांत जवळजवळ नऊ तासांचे अंतर असते. नागपूर २१ अक्षांशावर आहे. आमचा सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांहून थोडा कमी आणि सर्वांत लहान पावणेअकरा तासांहून किंचित अधिक. अंतर अवघे अडीच तासांचे. उलट उष्णतामान पाहा. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. ती आणि वर दिलेली मे महिन्यातील नोंद ह्यांत ४४ अंशांहून अधिक फरक. ज्या प्राण्यास ऋतू वाचावयाचा आहे त्याने येथे घड्याळापेक्षा उष्णतामापक वाचावा, हे आमच्या बुद्धीस पटते. ह्या प्रश्नावर आपल्या देशात जे मोठे काम झाले ते आमच्या शेजारीच, सीमेपलीकडील धारवाडास, कर्नाटक विद्यापीठात. श्रीनिवास सैदापूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रानावनांतील बेडकांच्या प्रजननचक्रांचा अनेक वर्षे अभ्यास केला. प्रकाशाचा काळ व उष्णतामान ह्यांचा ह्याच मोठ्या बेडकाच्या अंडाशयावर काय परिणाम होतो, ह्यावरील त्यांचा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. युरोपातील बेडकांवरून काढलेले नियम आपल्या बेडकांवर लादण्याची जी सवय पाठ्यपुस्तकांस जडली होती ती सुटण्यास अशाच कामाचा उपयोग झाला. ह्या कार्याची मराठी मासिकांनी फारशी दखल घेतली नाही. धारवाडची गाणी आपण ऐकली, पेढे खाल्ले, आणि बेडूक तेवढे राहून गेले.

ह्यावरून ऊनच सर्वसत्ताधीश आहे असे मात्र समजू नये. पाण्यावरून उड्या मारीत जाणारा जो लहान बेडूक आमच्या फुटाळ्याच्या काठी बारमाही दिसतो, तो दक्षिणेत जवळजवळ वर्षभर अंडी घालतो. मोठा बेडूक मात्र पावसाळ्याखेरीज घालीत नाही. तळे तेच, ऊन तेच, उत्तर निराळे. प्रत्येक जातीने आपल्या पूर्वजांकडून एक पंचांग आणले आहे, आणि ऊन त्या पंचांगातील तिथी पुढेमागे सरकविते, एवढेच म्हणावे. भरलेल्या भांडाराचीही मुदत असते. पाऊस आलाच नाही, तर न घातलेली अंडी मादीच्या शरीरातच जिरून जातात. वर्षाचा संसार असा मुकाट्याने मोडला जातो, आणि कोणास पत्ता लागत नाही.

आम्ही शिकवीत होतो तेव्हा दर वर्षी शेकडो बेडूक विद्यार्थ्यांच्या सुऱ्यांखाली जात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली विच्छेदनास आळा घातला, ह्याचा आम्हांस आनंदच झाला. पण त्या मेणाच्या ताटांतील एक दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. बेडकाच्या मूत्रपिंडावर, खालच्या अंगास, एक बारीक सोनेरी पिवळा पट्टा असतो. विद्यार्थी तो आकृतीत एका रेघेने उरकीत, आणि परीक्षक त्यास अर्धा गुण देत. ती त्याची अधिवृक्क ग्रंथी. तेथेही तेच कोलेस्टेरॉल, तीच पेढी; परंतु तेथून निघतो तो कॉर्टिकोस्टेरोन नावाचा रस, आणि त्याचे काम संसाराचे नसून संकटाचे आहे. पाणी आटले, मीठ घटले, शत्रू दिसला, ऊन असह्य झाले, की हा रस वाढतो, साठविलेले इंधन मोकळे करतो, आणि शरीरास सांगतो की आधी जीव वाचव, बाकीचे पुढे पाहू. थोड्या प्रमाणात तो हवाच. रात्रभर ओरडण्यास लागणारे बळ काही अंशी त्याच्याच कृपेने मिळते. पण तो चढून बसला की दुसऱ्या पेढीचा, म्हणजे वृषणाचा व अंडाशयाचा, धंदा बसतो.

ह्याचा आकड्यांतला दाखला ऑस्ट्रेलियातून मिळतो. एडवर्ड नारायण व झाँ-मार्क हीरो ह्या दोन संशोधकांनी क्वीन्सलँडमधील मोठ्या भेकांवर एक प्रयोग केला व तो २०१४ साली प्रसिद्ध केला. भेक प्रथम २५ अंशांत ठेवून सरावविले, आणि मग काहींस ३०, काहींस ३५ व काहींस ४० अंशांत ठेवले. रक्त काढण्यासाठी सुई टोचली तर त्या टोचण्यानेच संकटाचा रस वाढावयाचा. म्हणून त्यांनी लघवीतून मापन केले. ही युक्ती आम्हांस फार आवडली. जसजसे ऊन वाढले तसतसा कॉर्टिकोस्टेरोन चढला, टेस्टोस्टेरोन उतरला, आणि भेकांची चपळाईही कमी झाली. म्हणजे ज्या तापाने पेढी चालते त्याच तापाने, काही अंश पुढे गेल्यावर, तिची दारे बंद होतात. नवतपा हवा, पण त्याचे चार दिवस अधिक झाले, किंवा चार अंश अधिक झाले, तर तो तयारीचा राहत नाही.

बेडकाच्या पिलांची कथा तर अधिकच विलक्षण आहे. जन्माने स्विस व पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले एमिल विची ह्यांनी १९२९ साली असे दाखविले की, अमेरिकेतील अरण्यबेडकाचे बेडूकमासे ३२ अंशांच्या पाण्यात वाढविले तर त्यांतील माद्यांची अंडाशये पालटून वृषणे होतात. बातमी अशी होती की कोणी कादंबरीत घातली असती तर संपादकांनी परत पाठविली असती. पुढे युरोपातील एका सालामांडरात ह्याचा उलगडा रसायनाच्या अंगाने झाला. १९ अणूंच्या टेस्टोस्टेरोनचा एक अणू छाटून ईस्ट्रोजेन करणारा जो शेवटचा कारागीर, ॲरोमाटेज, त्याचेच काम त्या प्राण्याच्या पिलांत अशा उष्णतामानात मंदावते. मग जन्मतः जी मादी व्हावयाची ती ईस्ट्रोजेनअभावी नर होते. आणि गंमत अशी की, त्याच सालामांडराच्या एका आप्तात ऊन नेमके उलटे करते, नरांस माद्या बनविते. कारागीर तेच, परंतु घराण्याची रीत निराळी.

आमच्याकडचे बेडूकमासे ज्या डबक्यांत वाढतात ती वीतभर खोल. पावसाने आठ दिवस उघडीप दिली की ते पाणी चहाच्या आधणासारखे नसले तरी हात घातल्यावर काढून घ्यावे इतके तापते. उष्ण देशांतील डबक्यांत वाढणारी पिले चाळीस अंशांच्या आसपासचाही ताप काही वेळ सोसतात, ही त्यांची थोरवी. पण म्हणूनच त्यांचे घर मर्यादेच्या अगदी काठावर असते, आणि पलीकडे सरकण्यास जागा थोडी. पाणी आटू लागले की तोच संकटाचा रस गलग्रंथीच्या रसाशी हातमिळवणी करतो, शेपूट लवकर झडते, आणि नखाएवढे बेडूक घाईघाईने काठावर चढतात. लहान राहतात, पण जगतात.

येथवर वाचकांनी आमची सोबत केली आहे, तेव्हा आमच्या अंगणातील एक भानगडही त्यांच्या कानी घालावयास हरकत नाही.

आमचे घर धंतोलीत, जुने, मागे विहीर आणि तिच्याभोवती उघड्या मातीचे अंगण. व्हरांड्यात कूलर आहे. त्याच्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली, वाळ्याच्या जुन्या ताट्यांच्या ढिगाशी, गेली काही वर्षे एक भेक उन्हाळ्यात मुक्कामास असतो. तो तोच की दरवर्षी निराळा, हे घरच्या मंडळींस सांगता येत नाही. सौभाग्यवती त्यास ‘भाडेकरू’ म्हणतात. दुपारी तो कूलरखाली, चार वाजता विहिरीकडील कुंडीच्या बुडाशी, रात्री दिव्याखाली किडे टिपीत. आम्ही त्याच्या जागा उष्णतामापकाने मोजून पाहिल्या. अंगणात ४४ असता कुंडीखाली ३१ होते. ज्या प्राण्यास स्वतःचे उष्णतामान राखता येत नाही तो चार पावले चालून ते राखतो, आणि शिवाय स्वतःच्या ओल्या कातड्यातून पाणी उडवून आणखी थोडा गार होतो. कूलरचे तत्त्व हेच. फरक इतकाच की, त्यास पाणी नळाचे नव्हे तर अंगातले खर्चावे लागते.

अशा प्राण्यास सावली, ओल आणि मोकळी माती एवढेच हवे. उघड्या मातीत हातभर खोल गेले की दिवसरात्रीचा चढउतार जवळजवळ उरत नाही. विदर्भातील हलक्या जमिनीत टाचेशी फावड्यासारखा उंचवटा असलेला एक गोलमटोल बेडूक आहे, तो मागच्या पायांनी माती उकरीत पाठमोरा खाली जातो व पावसाळ्याची वाट पाहतो. उन्हाळा त्यास हवा, पण तो मातीतून गाळून आलेला. सिमेंटखाली ना उकरता येते, ना ओल उतरते. आणि आमच्या गावात तर रस्तेच्या रस्ते सिमेंटचे झाले आहेत.

आमच्या पुतण्याने यंदा अंगणावर सिमेंट घालण्याचे ठरविले. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, आणि आमच्या अंगणात गुडघाभर गाळ आला. तो काढण्यात त्याचे चार दिवस गेले. आम्ही खुर्चीवर बसून सूचना करीत होतो. तो म्हणाला, “काका, तुम्हांला बेडूक दिसतो, मला चिखल दिसतो.” आम्ही म्हणालो, “अरे, सगळ्या गावाने सिमेंट घातले म्हणूनच पाणी आपल्याकडे आले ना?” त्यावर तो म्हणाला, “मग आपणच एकट्याने माती ठेवून गावाचे पाणी प्यायचे का?” ह्या प्रश्नास प्राणिशास्त्रात उत्तर नाही. आम्ही त्यास सोनेरी पट्ट्याची आणि २७ अणूंची गोष्ट सांगितली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली, कारण तो गुणी मुलगा आहे. आणि मग ठेकेदारास फोन केला.

दोन दिवसांच्या वाटाघाटींनंतर असे ठरले आहे की, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत सिमेंट होईल, आणि विहिरीच्या बाजूचा, भिंतीलगतचा, चार हात रुंदीचा पट्टा मातीचा राहील. तेथे पाणी साचेल अशी ठेकेदाराने तक्रार केली, ती आम्ही ऐकून घेतली. कूलरचे ठिबकणारे पाणी नळीने त्याच पट्ट्यात सोडावयाचे, हे सौभाग्यवतींनी आपण होऊन सुचविले. गवंडी सोमवारी येणार, म्हणजे नवतप्याचे तीन दिवस शिल्लक असतील. तत्पूर्वी विहिरीकडील बावीस कुंड्या नव्या जागी हलवावयाच्या आहेत. त्या उचलण्याचे काम पुतण्याने पत्करले आहे, आणि ते ऊन उतरल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास, प्रत्येक कुंडीखाली आधी बॅटरी टाकून पाहून करावयाचे, एवढी अट आमची.